विंडो हीट पंप रात्री वारंवार थांबतो आणि गार हवा देतो. गॅस कमी झाला असेल का?

प्रश्न

नमस्कार. आमच्या घरी साधारण 12 चौरस मीटरच्या खोलीत, खिडकीत बसवलेला इन्व्हर्टर हीट पंप आहे. उन्हाळ्यात तो खोली गार करतो आणि थंडीत उलट चालून तीच खोली उबदार ठेवतो. त्यात वेगळी हीटरची कॉइल नाही, म्हणजे सगळी ऊब कॉम्प्रेसरच्या जोरावरच मिळते. आतला गॅस आर-32 आहे. संपूर्ण उन्हाळा यंत्राने उत्तम काम केले आणि थंडीच्या सुरुवातीलाही कोणतीच तक्रार नव्हती.

रात्रीचे तापमान 1 ते 4 अंश सेल्सिअसवर येऊ लागल्यापासून मात्र चित्र बदलले आहे. यंत्र लावल्यावर चांगली गरम हवा येते. काही वेळाने पंखा आपोआप थांबतो, आतून फुस्स असा मोठा आवाज येतो, नळ्यांमधून पाणी खळखळल्यासारखे ऐकू येते आणि मागच्या बाजूने वाफ निघताना दिसते. मग यंत्र पुन्हा चालू होते, पण त्यानंतरची काही मिनिटे हवा गारच लागते. आधी हे तासा-दीड तासाने एकदा होत असे. आता ते वीस-पंचवीस मिनिटांनी होते, त्यामुळे पहाटेपर्यंत खोली 15 अंशांच्या वर जातच नाही. बाहेरच्या कॉइलच्या खालच्या भागावर बर्फाचा जाड थर धरलेला असतो आणि मधूनच पंख्याचे पाते कशाला तरी घासल्यासारखी खरखर होते. दुपारी बाहेर 10-12 अंश तापमान असले की हेच यंत्र पूर्वीसारखे चालते.

फिल्टर धुऊन झाला आहे. एरर कोड येत नाही. यंत्र पाहायला आलेल्या मेकॅनिकने खिडकीतून बर्फ पाहिला आणि गॅस कमी झाला आहे, भरून घ्या, असे सांगितले; त्याने कोणतेही माप घेतले नाही. कारखान्यातून बंद होऊन आलेली नळी खात्री झाल्याशिवाय कापू द्यावी असे मला वाटत नाही. यातले नैसर्गिक किती आणि बिघाड किती, हे घरच्या घरी कसे ओळखावे? शिवाय यंत्र जोरात चालत असताना प्लग हाताला बराच गरम लागतो. मूळ सॉकेटपर्यंत वायर पोहोचत नसल्याने यंत्र सध्या एक्स्टेन्शन बोर्डवर चालते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असू शकतो का?

प्रतिसाद 1

पंखा थांबणे, फुस्स आवाज, खळखळ आणि मागून वाफ, हा सगळा क्रम यंत्राच्या डिफ्रॉस्टचा, म्हणजे बाहेरच्या कॉइलवर साचलेले हिम वितळवण्याचा आहे. तेवढ्यापुरता तो बिघाड नाही, उलट यंत्राचे डोके ताळ्यावर असल्याची ती खूण आहे.

थंडीत बाहेरची कॉइल बाहेरच्या हवेतून उष्णता ओढून घेते आणि त्यासाठी तिला त्या हवेपेक्षा काही अंश जास्त गार राहावेच लागते. बाहेर 3 अंश तापमान असेल तर कॉइलचा पृष्ठभाग शून्याच्या खाली असतो, आणि हवेतले बाष्प तिच्यावर थेट हिम होऊन बसते. हिमाने फिन्समधल्या, म्हणजे कॉइलवरच्या पातळ धातूच्या पात्यांमधल्या फटी भरल्या की हवा जात नाही, हवा गेली नाही की कॉइल आणखी गार होते, आणि ती आणखी गार झाली की हिम अधिक वेगाने साचते. हे चक्र तोडण्यासाठी यंत्र काही मिनिटांपुरते उलट फिरते, म्हणजे उन्हाळ्यातल्यासारखे कूलिंगवर जाऊन गरम गॅस बाहेरच्या कॉइलमध्ये सोडते. त्या वेळी खोलीत गार हवा फेकली जाऊ नये म्हणून पंखा बंद ठेवला जातो. फुस्स हा आवाज फोर-वे व्हॉल्व्हची, म्हणजे गॅसची दिशा उलटवणाऱ्या झडपेची आतली सरक एका बाजूकडून दुसरीकडे गेल्याचा आणि दोन बाजूंचे दाब एकदम समान होऊ लागल्याचा असतो. वाफ म्हणजे वितळलेल्या हिमाचे बाष्प.

हा त्रास कडाक्याच्या थंडीपेक्षा शून्याच्या आसपासच्या दमट रात्री जास्त होतो, हे अनेकांना ठाऊक नसते. बाष्पाने पूर्ण भरलेल्या 2 अंशांच्या एक घनमीटर हवेत साधारण साडेपाच ग्रॅम पाणी असते. उणे 10 अंशांच्या हवेत ते सव्वादोन ग्रॅमच्या आसपास उरते. त्यामुळे तुमच्याकडच्या 1 ते 4 अंशांच्या रात्री यंत्रासाठी सर्वांत कष्टाच्या आहेत, आणि अशा रात्री तासाभराने एकदा डिफ्रॉस्ट होणे मला अजिबात खटकत नाही.

खटकतात त्या दोन गोष्टी. वीस मिनिटांनी पुन्हा डिफ्रॉस्टची वेळ येणे ही एक, आणि डिफ्रॉस्ट होऊनही खाली बर्फ शिल्लक राहणे ही दुसरी. यंत्र न उघडता तुम्हाला तीन मापे घेता येतील. साधा डिजिटल थर्मामीटर घेऊन, यंत्र व्यवस्थित गरम हवा देत असताना, आत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान पाहा. विजेचा वापर दाखवणारा प्लग-मीटर मिळाला तर चालू असताना, डिफ्रॉस्टच्या वेळी आणि नुसत्या पंख्यावर किती वॅट लागतात ते टिपून ठेवा. डिफ्रॉस्ट सुरू झाल्यापासून पंखा पुन्हा सुरू होईपर्यंतचा वेळही मोजा. यंत्रात शिरणाऱ्या आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या हवेतला फरक 12 ते 20 अंशांदरम्यान असेल, तर गॅसबद्दलची शंका बरीच कमी होते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हीट पंपची हवा 35-40 अंशांची असते. तारेच्या हीटरसारखी ती चटका देणारी नसते आणि हाताच्या त्वचेला कोमट किंवा गारही वाटू शकते, म्हणून हाताच्या अंदाजावर निर्णय घेऊ नका.

प्रतिसाद 2

मी या यंत्रांच्या दुरुस्तीचे काम बरीच वर्षे करतो. वरील प्रतिसाद योग्य आहे. गॅसबद्दल मात्र मला सविस्तर लिहावेसे वाटते, कारण बर्फ दिसला की गॅस भरायचा या सवयीने अनेक चांगली यंत्रे कायमची बिघडलेली मी पाहिली आहेत.

हीट पंपमधला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा त्याच वाटेने जाणार. विंडो यंत्राची सगळी यंत्रणा कारखान्यात डाग देऊन बंद केलेली असते. स्प्लिट यंत्राला असतात तसे सर्व्हिस व्हॉल्व्ह त्याला बहुधा नसतात, म्हणून गॅस भरायचा म्हणजे प्रोसेस ट्यूबला (कारखान्यात गॅस भरून बंद केलेल्या नळीला) छेद द्यायचा, नायट्रोजन भरून गळती तपासायची, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल काढायची, मग यंत्राच्या पट्टीवर छापलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरायचा आणि शेवटी ट्यूब पुन्हा बंद करायची. यातला काटा आणि व्हॅक्यूम वगळून नुसत्या गेजच्या (दाबमापकाच्या) अंदाजाने भरलेल्या गॅसवर यंत्र चालते, पण नीट चालत नाही. आर-32 सौम्य ज्वलनशील आहे आणि काही नव्या यंत्रांतला आर-290 म्हणजे प्रोपेन तर सहज पेट घेतो. म्हणून हे काम त्या गॅसची माहिती आणि साधने असलेल्या माणसाकडूनच व्हावे.

गॅस खरोखर कमी झाला असेल तर यंत्र ते लपवत नाही. केवळ गारठ्याच्या रात्रीच नव्हे, तर दुपारी 10-12 अंशांनाही ऊब कमी पडते आणि कूलिंग लावून पाहिले तर तेही ढिले पडलेले असते. कॉम्प्रेसर सतत चालूनही वॅट नेहमीपेक्षा कमी दाखवतात. कॉइलवरचे हिमही एकसारखे नसते. द्रव गॅस जिथून कॉइलमध्ये शिरतो त्या टोकाच्या थोड्या नळ्यांवर दाट हिम आणि उरलेली कॉइल कोरडी, असे विचित्र चित्र दिसते. सांध्यांजवळ तेलकट डाग असेल तर गळतीची शक्यता बळावते. तुमचे यंत्र दुपारी पूर्वीसारखे चालते, हे एवढे एकच वाक्य मला गॅसच्या निदानापासून दूर नेते.

फोर-वे व्हॉल्व्हचाही विचार करू. त्याच्या सोलेनॉइडची, म्हणजे तो सरकवणाऱ्या विद्युतचुंबकाची कॉइल जळाली तर यंत्र एकाच बाजूला अडकून बसते. बहुतेक विंडो यंत्रांत सोलेनॉइडला हीटिंगच्या वेळी वीज मिळते, त्यामुळे ती जळाल्यावर हीटिंग लावूनही खोलीत कूलिंगच होत राहते. तुमच्याकडे व्हॉल्व्ह दर डिफ्रॉस्टला सरकतो आणि परत येतो, हे आवाजावरून कळतेच आहे. तो मध्येच अडकत असता तर दाबाचा गॅस आतल्या आत परत फिरला असता, हवा आत कोमट आली असती, बाहेरही कोमट गेली असती आणि कॉम्प्रेसर भाजण्याइतका तापला असता. तेव्हा व्हॉल्व्हही सध्या बाजूला ठेवा.

माझा संशय पाणी आणि सेन्सर या दोघांवर आहे. खरखर बर्फाचीच असणार. पुढच्या डिफ्रॉस्टनंतर लगेच, टॉर्चच्या प्रकाशात, खिडकीच्या आतूनच जेवढे दिसेल तेवढे पाहा: वरचा भाग स्वच्छ होऊन फक्त खालचा पट्टा पांढरा राहतो का, की संपूर्ण कॉइलवर ठिकठिकाणी बर्फ उरतो? आणि खालच्या ट्रेमधून पाणी ठिबकते का? खिडकीतून बाहेर वाकू नका, आणि स्क्रू-ड्रायव्हरने बर्फ टोचण्याच्या फंदात मुळीच पडू नका. फिन्सच्या मागे पातळ नळी असते आणि तिला एक टोचा बसला की आज नसलेली गळती उद्या खरोखरच होते.

प्रतिसाद 3

गरम प्लगचा प्रश्न मागे पडू नये म्हणून लिहीत आहे. त्याचा बर्फाशी संबंध बहुधा नाही, पण मला तो बर्फापेक्षा अधिक तातडीचा वाटतो.

प्लग गरम होतो तो सैल जोडणीमुळे किंवा विजेच्या भाराच्या मानाने पातळ असलेल्या वायरमुळे. सैल जागेत रोध वाढतो, रोधामुळे उष्णता वाढते, उष्णतेने सॉकेटमधल्या पितळी पट्ट्यांची पकड आणखी ढिली होते, आणि अशा ठिकाणी आग लागण्यापर्यंत वेळ येते. हीट पंप तासन्तास सलग मोठा भार घेतो, म्हणून तो एक्स्टेन्शन बोर्डवर चालवू नये, असे जवळपास प्रत्येक उत्पादकाच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. इलेक्ट्रिशियनकडून यंत्राजवळ योग्य क्षमतेचा स्वतंत्र सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि पक्के अर्थिंग करून घ्या. तोपर्यंत रात्री झोपेत हे यंत्र चालू ठेवू नका.

लांब आणि पातळ वायरमुळे व्होल्टेजही पडते. जुन्या, इन्व्हर्टर नसलेल्या यंत्रांत कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसर उठत नाही, गुरगुरतो आणि ओव्हरलोड (जादा भार आला की वीज तोडणारा भाग) ट्रिप होऊन थांबतो; असा ट्रिप झालेला कॉम्प्रेसर पुरता निवल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही आणि त्याला अर्धा-पाऊण तासही लागू शकतो. हे थांबणे आणि डिफ्रॉस्टचे थांबणे वेगळे ओळखता येते. ओव्हरलोडवर पंखा चालूच राहतो आणि फुस्स आवाज होत नाही.

झाकण उघडण्याचा विचार असेल तर प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक दाबाची वीज साठून राहते, हे ध्यानात असू द्या. इन्व्हर्टर बोर्डावर ती 300 व्होल्टच्या वर असू शकते. मल्टीमीटर वापरण्याची सवय नसेल तर बोर्डाकडचा भाग उघडूच नका.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. सॉकेटचे काम सर्वांत आधी करून घेतले. यंत्राला आता थेट, स्वतंत्र जोडणी आहे आणि प्लग हाताला कोमटही लागत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड उघडून पाहिला तेव्हा आत एका पट्टीजवळचे प्लास्टिक तपकिरी झालेले आढळले.

सॉकेट झाल्यानंतर रात्री मापे घेतली. बाहेर 3 अंश तापमान आणि बरेच धुके होते. डिफ्रॉस्टनंतर दहा मिनिटांनी आत शिरणारी हवा 17 अंशांची आणि बाहेर पडणारी 34 अंशांची होती, म्हणजे फरक 17 अंशांचा. पुढे पुढे तो कमी होत जातो आणि पुढच्या डिफ्रॉस्टच्या आधी 9 अंशांवर येतो. प्लग-मीटर सुरुवातीला 900 वॅटच्या आसपास दाखवतो. डिफ्रॉस्ट जेमतेम दोन मिनिटांत आटोपतो. त्यानंतर पाहिले तर कॉइलचा वरचा दोन-तृतीयांश भाग ओला आणि स्वच्छ असतो, खालच्या भागावर मात्र काचेसारखा, अर्धवट पारदर्शक बर्फ तसाच राहतो. ट्रेमधून बाहेर पाणी ठिबकत नाही. दुपारी कूलिंग लावून पाहिले, तेही नीट झाले.

शेजारच्या एका गृहस्थांनी यंत्राची मागची बाजू थंड वाऱ्यापासून वाचवण्यासाठी प्लास्टिकच्या कागदाने झाकण्याचा सल्ला दिला आहे. त्याचा काही उपयोग होईल का?

प्रतिसाद 2 देणारे पुन्हा

मागची बाजू कृपा करून झाकू नका. यंत्राला ऊब बाहेरच्या हवेतूनच मिळते, आणि तो वाराच झाकला तर यंत्र उपाशी राहील. विंडो यंत्र बाजूच्या जाळ्यांतून हवा घेते आणि मागून सोडते. मागे कागद, दाट ग्रिल किंवा जवळची भिंत आली की सोडलेली गार हवा पुन्हा बाजूने आत ओढली जाते. मग हवामान 3 अंशांचे असले तरी कॉइलला उणे 2 अंशांची हवा मिळते आणि हिम आणखी वेगाने धरते. ग्रिल असेलच तर त्याच्या पट्ट्या आडव्या पसरट नसाव्यात आणि मागे पुस्तिकेत सांगितले आहे तेवढी जागा मोकळी असावी.

आता तुमच्या मापांकडे वळतो; ती फार चांगल्या रीतीने घेतली आहेत. फरक 17 अंशांचा असणे आणि कूलिंग नीट होणे यावरून गॅसचा विषय माझ्या दृष्टीने मिटला. बर्फ पांढरा, भुसभुशीत नसून काचेसारखा आहे, ही खूण महत्त्वाची आहे. हवेतून थेट बसलेले हिम पांढरे आणि विरळ असते. काचेसारखा बर्फ हा आधी पाणी झालेला आणि मग गोठलेला बर्फ असतो. म्हणजे वरचे हिम वितळते, पाणी फिन्समधून खाली उतरते, ट्रेमधून निघून जायची वाट त्याला सापडत नाही, आणि हीटिंग पुन्हा सुरू होताच ते तिथेच गोठते. दर फेरीला त्यात भर पडत जाते आणि शेवटी पंख्याचे पाते त्याला घासू लागते.

हे ट्रेच्या निचऱ्याचे झाले. दोन मिनिटांचा डिफ्रॉस्ट ही मात्र स्वतंत्र तक्रार आहे. एक किलो बर्फ वितळवायला 334 किलोज्यूल उष्णता लागते. यंत्राने डिफ्रॉस्टमध्ये दीड किलोवॅट उष्णता बाहेरच्या कॉइलला दिली असे धरले, तर केवळ तेवढ्या बर्फालाच जवळपास पावणेचार मिनिटे हवीत, आणि त्याशिवाय गारठलेली कॉइल तापवायला लागतो तो वेळ वेगळा. साचलेला बर्फ डोळ्यांना दिसत असताना यंत्र दोन मिनिटांत काम झाले म्हणून परत फिरते, याचा अर्थ त्याला कोणीतरी चुकीची बातमी देते आहे. ही बातमी देणारा म्हणजे बाहेरच्या कॉइलवरचा तापमान-सेन्सर. तो कॉइलच्या सर्वांत उशिरा तापणाऱ्या नळीवर, तांब्याच्या छोट्या खोबणीत बसवलेला असतो. तिथे ठरावीक तापमान आले की सगळी कॉइल मोकळी झाली, असे यंत्र मानते. सेन्सर खोबणीतून निसटून आधी तापणाऱ्या नळीला टेकला, तर निम्मी कॉइल गोठलेली असतानाच डिफ्रॉस्ट संपतो.

यंत्र हमीच्या मुदतीत असेल तर हेच निरीक्षण लिहून कंपनीच्या माणसाला द्या आणि या दोन गोष्टी आपल्यासमोर पाहायला सांगा. मुदत संपली असेल तरी हे काम एकट्याने करू नका. चॅसिस (यंत्राचा आतला सांगाडा) आत ओढायला दोन माणसे लागतातच, कारण यंत्राचे वजन एका बाजूला, कॉम्प्रेसरकडे, झुकलेले असते. काम दुपारी करा. आधी अर्धा तास यंत्र कूलिंगवर चालवले तर बाहेरची कॉइल आपोआप तापेल आणि बर्फ सुटेल. कमी तापमानात यंत्र कूलिंग नाकारत असेल तर प्लग काढून कोमट पाणी हळूहळू ओतावे, उकळते ओतू नये. मग प्लग काढलेल्या अवस्थेत ट्रेचे छिद्र शोधा. बहुतेक वेळा ते मागच्या कोपऱ्यात असते आणि त्यात धूळ, पाने, कीटक आणि शेवाळ यांचा घट्ट गोळा बसलेला असतो. काही यंत्रांत त्यात रबरी बूचही असते. उन्हाळ्यात ट्रेमध्ये थोडे पाणी साठवून पंख्याच्या कडेने ते गरम कॉइलवर उडवायचे, म्हणजे कॉइल लवकर निवते, अशी ती रचना आहे. थंडीत मात्र ते बूच काढलेलेच हवे.

सेन्सर तपासायचा तर त्याचा प्लग बोर्डावरून मेकॅनिककडून काढून घेऊन टोक बर्फ घातलेल्या पाण्यात बुडवा आणि मल्टीमीटर लावून रोध मोजा. 25 अंशांना 10 किलोओहमचा सेन्सर शून्य अंशाला साधारण 27 ते 34 किलोओहम दाखवतो आणि मुठीत धरला की आकडा एकसारखा उतरत जातो. आकडा उड्या मारत असेल किंवा हलतच नसेल तर सेन्सर बदला. ती किरकोळ दुरुस्ती आहे.

प्रतिसाद 4

एक छोटी भर घालतो. चॅसिस परत बसवताना पातळी-दर्शक ठेवून पाहा. यंत्र बाहेरच्या बाजूला किंचित उतरते हवे, उतार पुस्तिकेत सांगितला असेल तितकाच द्यावा. खिडकीची चौकट कालांतराने बसते आणि यंत्र खोलीच्या दिशेने कलते. मग छिद्र साफ असूनही पाणी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. यंत्राच्या कडेच्या फटींत फोमची पट्टी नव्याने भरा आणि बाहेरची हवा आत घेणारी खिटी असेल तर ती बंद आहे ना, हेही पाहा. ती उघडी राहिल्याने खोली तापत नाही आणि दोष कॉम्प्रेसरला लागतो, असे अनेक घरांत घडते.

खोलीतल्या तापमानाचा सेन्सर फिल्टरमागे, आतल्या कॉइलच्या पुढे एका क्लिपमध्ये असतो. फिल्टर धुऊन बसवताना तो कॉइलला टेकला, तर खोली गरम झाली असे समजून यंत्र लवकर मंदावते. तुमच्याकडे तसे दिसत नाही, पण झाकण निघणारच आहे तर बोटाने हलवून पाहायला हरकत नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

हमीची मुदत संपलेली असल्याने दुसऱ्या एका अनुभवी मेकॅनिकला बोलावून, वरील सर्व मुद्दे त्यांना वाचायला देऊन, दुपारी यंत्र बाहेर काढले. ट्रेच्या कोपऱ्यातल्या छिद्रात रबरी बूच होते आणि त्याच्याभोवती मातीचा थर बोटभर जाड झाला होता. बूच काढताच साठलेले गढूळ पाणी भसकन बाहेर आले.

सेन्सरही सांगितल्याप्रमाणेच निघाला. त्याची तांब्याची खोबण नळीला डाग देऊन बसवलेली आहे, ती जागेवर होती; पण सेन्सरला आत धरून ठेवणारी स्प्रिंगसारखी पातळ पट्टी गंजून तुटली होती आणि सेन्सर सरकून वरच्या नळीवर जाऊन टेकला होता. बर्फाच्या पाण्यात तो 31 किलोओहम दाखवत होता, त्यामुळे तो बदलला नाही. पट्टी मात्र नवी बसवली. यंत्र खोलीकडे कललेले नव्हते. पंख्याच्या एका पात्याची कड बर्फाने थोडी झिजली आहे. मेकॅनिकने ते हाताने फिरवून पाहिले आणि तोल बिघडलेला नसल्याने ठेवायला हरकत नाही, असे सांगितले.

त्यानंतरच्या रात्री बाहेर 2 अंश तापमान होते. डिफ्रॉस्ट आता सत्तर-ऐंशी मिनिटांनी होतो आणि सहा ते सात मिनिटे चालतो. त्यानंतर कॉइल खालपर्यंत स्वच्छ दिसते आणि छिद्रातून पाण्याची बारीक धार लागते. खोली पहाटे 20 अंशांवर होती. सहा-सात मिनिटे पंखा बंद राहणे आधीच्या दोन मिनिटांपेक्षा जास्त आहे, ते तसेच असू द्यायचे ना?

प्रतिसाद 2 देणारे पुन्हा

हो, ते तसेच असू द्या. पाच ते दहा मिनिटांचा पुरा डिफ्रॉस्ट हा दोन मिनिटांच्या अर्धवट डिफ्रॉस्टपेक्षा केव्हाही स्वस्त पडतो. त्या वेळात रिमोटवरून यंत्र बंद-चालू करू नका, कारण अर्ध्यावर तोडलेल्या डिफ्रॉस्टचे पाणी कॉइलवरच गोठते. रात्री झोपताना तापमान एकदम खूप वाढवून ठेवण्यापेक्षा 20-21 अंशांवर ठेवून पंखा ऑटोवर सोडा. पंखा मुद्दाम अगदी कमी वेगावर ठेवल्याने आतली कॉइल तापून दाब वाढतो आणि कॉम्प्रेसरला उगाच जास्त वीज लागते.

सेन्सरच्या पट्टीवर इन्सुलेशन टेप गुंडाळून तिला आधार देण्याचा मोह होईल, पण तसे करू नका. ओलाव्याने टेपचा गोंद सुटतो आणि सेन्सर पुन्हा निसटतो. बूच एका पिशवीत घालून, यंत्राचे बूच असे लिहून, पुस्तिकेबरोबर ठेवा. उन्हाळ्यात ते परत लावायचे की नाही, हे पुस्तिकेत पाहून ठरवा. आणि लावलेच, तर पहिल्या थंड रात्रीच्या आधी ते काढून ट्रे एकदा पाण्याने धुऊन घ्या. जाता जाता एक गोष्ट: मागच्या फिन्सवर मऊ ब्रश उभाच फिरवा, आडवा नको, कारण आडव्या ब्रशने फिन्स वाकतात.